आवाज भरीव आला तर

चिखला, ता. तुमसर, जि. भंडारा
मंडईचा दुसरा दिवस, रात्र

चि. बाई,


परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, इतकी वर्षं एवढे नियम पाळले, देवानं दिलं काय?" मागून जावईबापू हसले, तेही ऐकू आलं. रागावलो नाही. पण तेवढ्यात दंडारवाल्यांचा ढोल घरासमोर आला आणि काहीबाही बोलून मी फोन ठेवून दिला. आता गाव झोपलंय, तुझी आईही धानाच्या कापणीवरून येऊन केव्हाच झोपली. म्हणून लिहायला बसलो.

जावईबापूंना आपला मार्ग ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी दोन ओळी. मार्ग दाखवणारे बाबा जुमदेव ठुब्रीकर नागपूरचे, विणकरांच्या घरातले, जन्म १९२१ चा. १९९६ मध्ये ते गेले. भंडारा जिल्ह्यात आज ज्या घरात शिरलं की 'नमस्कारजी' ऐकू येतं, ते घर बहुधा परमात्मा एक सेवकाचं. चार तत्त्वं, तीन शब्द, पाच नियम, एवढाच पसारा. तीन शब्द तुला लहानपणीच पाठ होते: सत्य, मर्यादा, प्रेम. नियमांत व्यसन सोडणं आलं, घरात एकी ठेवणं आलं, आणि कुटुंब लहान ठेवणंही आलं. देवाच्या वाटेवर कुटुंबनियोजन कुठून आलं म्हणून तेव्हा मलाही हसू आलं होतं. पुढे तुम्हा दोघी बहिणींवर आम्ही थांबलो. आजी वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. तिला नातू हवा होता. तुझी नर्सिंगची फी त्या नियमातूनच निघाली, असं मी मनाशी धरून चालतो. आजी असती तर कबूल झाली नसती.

मी मार्गात आलो १९८९ मध्ये. त्याआधीचा बाप तुला आठवत नाही, आणि आईनं कधी सांगितला नसेल. पगाराच्या संध्याकाळी माझा घरचा रस्ता मोहाच्या भट्टीवरून जायचा. उरलंसुरलं कोंबडबाजारात. एकदा तुझ्या आईच्या पाटल्या तुमसरला गहाण पडल्या, त्या परत आल्याच नाहीत. मार्गात आल्यावर दारू सुटली, पगार घरी येऊ लागला, हा हिशेब सोपा आहे आणि बैठकीत सगळे सेवक तोच सांगतात. खोटा नाही. पण तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर आहे असं मला वाटत नाही. नुसती दारू तर गोळ्या घेऊनही सुटते.

मला सांगायचं आहे ते खाणीतलं आहे.

आपल्या घरात मँगनीज तीन पिढ्यांचं. माझे आजोबा इंग्रजांच्या कंपनीत टोपलं वाहायचे. १९६२ मध्ये मॉईल आली, तिच्यात माझे बाबा आणि मग मी. मी मेट होतो हे तुला माहीत आहे, पण मेट करतो काय हे तू कधी विचारलं नाहीस. पाळीचे मजूर कामाच्या जागी जायच्या आधी मेटनं आत जायचं आणि सब्बलीनं छत ठोकायचं. टणक आवाज आला, म्हणजे दगड भरीव. 'ढब' वाजलं, म्हणजे वर फट आहे, पापुद्रा सुटतोय. तो आधी बाजूला उभं राहून पाडायचा, मगच माणसं आत सोडायची. आम्ही याला ड्रेसिंग म्हणतो. हे सगळं कायद्यात आहे. धनबादहून खाणसुरक्षेचे साहेब येणार असले की छत असं ठोकलं जाई, जणू लग्नाचा बॅन्ड.

पण रात्रपाळीला, पहाटे तीन वाजता, दिव्याच्या उजेडात एकटा उभा असताना ठोकलं की नाही हे कोण बघतं? १९८९ च्या आधी एका रात्री मी ठोकलं नाही. अंग जड होतं, कारण तुला कळेल. वहीत खूण केली आणि माणसं आत सोडली. आठ जण होते. काही झालं नाही, बाई. सकाळी आठही जण वर आले आणि नळावर हातापायाची काळी धूळ धूत, चेष्टा करत उभे राहिले. देवानं मला शिक्षा केली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या नळापाशी वाटलं. कारण काहीच झालं नाही म्हटल्यावर दुसऱ्या रात्री न ठोकणं आणखी सोपं होतं.

नंतर वर्षानुवर्षं मी ठोकत आलो. बहुतेक वेळा आवाज भरीवच आला. म्हणजे ठोकणं फुकट गेलं का? आणि ज्या दिवशी 'ढब' वाजलं, पापुद्रा पाडला, त्या दिवशीही घरी येऊन सांगावं असं काही घडलं नव्हतं. माणसं आत गेली, बाहेर आली, आईनं भाकरी वाढली. देवाचा धाक मी याला म्हणतो. कोणी बघत नसताना हात सब्बलीकडे जातो. त्याची पावती मिळत नाही. देवानं काय दिलं ते तुला दाखवायला गेलो तर माझ्याजवळ न घडलेल्या गोष्टीच आहेत, आणि त्या फोनवर कशा दाखवायच्या?

यातली दुसरी बाजू लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. काही वर्षांपूर्वी आपल्या गल्लीतल्या एका सेवकाच्या मुलाचे हातपाय दुखायचे, रात्रभर रडायचा. मी त्याच्या बापाला विचारलं, "पाहा, कोणता नियम चुकला?" तो काही बोलला नाही, जमिनीकडे बघत राहिला. पुढे रक्त तपासलं तेव्हा सिकलसेल निघाला. आईबाप दोघंही वाहक. मूल आजारी निघण्याची शक्यता प्रत्येक खेपेला चारात एक, हे तूच मला वहीत चौकोन काढून समजावलंस. त्या चौकोनात नियम पाळणारे आणि मोडणारे अशा वेगळ्या रकान्यांना जागा नव्हती. मी त्याची माफी मागितली, तो "असू द्या जी" म्हणाला, पण माझ्याकडे चहाला पुन्हा आला नाही. ज्याच्या डोक्यावर छत पडलं त्यानं ठोकलं नसेलच, असं म्हणणारा मेट मी खाणीत पाहिला नाही. बैठकीत मात्र पाहिले, आणि त्यांत मीही होतो.

आता एक गोष्ट फक्त तुझ्यापाशी. मार्गात आलो तेव्हा घरातले फोटो, मूर्ती सगळ्यांचं विसर्जन केलं. देव एकच मानायचा होता. तुझ्या आईला माहेरून लग्नात मिळालेला पितळेचा रांगता बालकृष्ण तिनं स्वतः फडक्यात बांधून माझ्या हाती दिला होता. सोडताना वजन हलकं वाटलं, पण मी गाठ सोडून बघितली नाही. चौदा-पंधरा वर्षांनी उंदरांपायी धानाची कोठी रिकामी करताना तळाशी एक डबी सापडली. उघडली, तर लोण्याचा गोळा धरलेला तो हात वर.

सत्य बोल म्हणणारा शब्द आहे, आणि घरात एकी ठेव म्हणणारा नियमही आहे. मी डबी होती तिथं ठेवली आणि वरून धान ओतलं. बैठकीत हे कधी सांगितलं नाही. दर वर्षी नवं धान भरताना आई मला कोठीजवळ येऊ देत नाही, म्हणते तुमची कंबर दुखेल.

हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. रोवण्याच्या दिवसांत आलीस तर नातवाला घेऊन ये, बांधीत पाणी असतं, त्याला आवडेल.

तुझा,
बाबा