रहदारीची सबब

राजधानीत राहणाऱ्या माणसाने राजधानी पाहिलेली नसते, हे विधान आम्ही केव्हाही सिद्ध करून देऊ. पुरावा म्हणून आम्ही स्वतःच उभे राहू. केंद्र सरकारच्या सेवेत कारकून म्हणून दिल्लीस येऊन आम्हांला नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत आम्ही रामकृष्णपुरमचे आमचे क्वार्टर पाहिले, कार्यालय पाहिले, आणि त्या दोहोंमधला रस्ता इतका पाहिला की त्यावरचे खड्डे आम्ही डोळे मिटूनही मोजू शकतो. पण लाल किल्ला आम्ही पाहिला तो बसच्या खिडकीतून, आणि कुतुबमिनार पाहिला तो परराष्ट्राच्या पाहुण्यांना भेट म्हणून द्यावयाच्या चित्रात.

कोणी विचारलेच, तर आमच्यापाशी उत्तर तयार असे. "काय सांगावे! इथली रहदारी!" या दोन शब्दांपुढे समोरचा माणूस निरुत्तर होतो. दिल्लीचे क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर आहे आणि सायंकाळी सहा वाजता त्यातला प्रत्येक किलोमीटर मोटारींनी भरलेला असतो, असे आपल्याला वाटते. जे करावयाचे नाही त्याला कारण म्हणून रहदारीसारखी दुसरी सोयीची वस्तू नाही. पाऊस थांबतो, आजार बरा होतो. रहदारी मात्र उद्याही असतेच.

आमच्या मातोश्री सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून दर रविवारी दूरध्वनीवर एकच प्रश्न विचारीत. "दिल्ली कधी दाखवतोस?" आम्ही म्हणत असू, "आई, घर लहान आहे. शिवाय इथली रहदारी तुला सोसायची नाही. जरा मोठं क्वार्टर मिळू दे." मोठे क्वार्टर मिळण्यापूर्वीच, तीन वर्षांमागे, त्या गेल्या. त्या गोष्टीविषयी याहून अधिक लिहिण्याचे धैर्य आमच्यापाशी नाही.

यंदा फाल्गुनाच्या सुमारास आम्ही अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, बोलावून घेतले. अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. छत्तीस वर्षे त्यांनी मुलांना इतिहास शिकविला. पानिपत त्यांनी छत्तीस वेळा हरले, असे ते स्वतःच म्हणतात. गुडघे दुखतात, पण स्मरण शाबूत आहे. ते आले, त्याच शनिवारी दुपारी आम्ही ऐटीत मोटार भाड्याने ठरविली आणि लाल किल्ला दाखवावयास निघालो.

पुढचे वर्णन वाचकांनी आपापल्या अनुभवावरून पुरे करावे. दिल्ली दरवाज्याच्या अलीकडे मोटार थांबली ती थांबलीच. भोवती भोंग्यांचा कल्लोळ. अण्णांच्या घशात धूर. चालक भ्रमणध्वनीवरील नकाशाकडे पाहून दर पाच मिनिटांनी नवी आशा जाहीर करी. किल्ल्याच्या भिंती दिसू लागल्या तेव्हा तिकिटे देणे बंद झाले होते. परतताना अण्णा एवढेच म्हणाले, "असू दे रे. लांबून दिसला. भिंत मोठी आहे." आम्हांला त्या समाधानाची लाज वाटली. आईनेही असेच समाधान मानले असते, हे त्या क्षणी ध्यानात आले.

त्या रात्री सौभाग्यवतींनी एक साधी सूचना केली. "शत्रू झोपेत असताना निघावं." त्यांचे माहेर इंदूरचे, मल्हाररावांच्या मुलखातले असल्यामुळे गनिमी काव्याची त्यांना जाण असावी. आम्ही कार्यालयीन पद्धतीने तिचे नियम करून टाकले. पहिला नियम असा, की घरातून सूर्योदयापूर्वी निघावे व दुपारच्या आत परतावे. दुसरा असा, की रविवार आणि राजपत्रित सुट्ट्या यांखेरीज शहर ओलांडू नये. तिसरा असा, की एका सकाळी एकच स्थळ पाहावे. चौथा असा, की जेथे रूळ आहेत तेथे चाकांचा विचार करू नये. २००२ सालच्या डिसेंबरात सुरू झालेल्या मेट्रोचे जाळे आता साडेतीनशे किलोमीटरांहून मोठे झाले आहे, आणि ती कोठे मोटारींच्या डोक्यावरून जाते, तर कोठे जमिनीखालून, म्हणजे त्यांच्या पायांखालून. आमच्या वसाहतीलाही २०१८ पासून तिचे स्थानक आहे. नऊ वर्षे ती आम्हांला केवळ कार्यालयात नेते, अशी आमची समजूत होती.

पहिली मोहीम हुमायूनच्या मकबऱ्यावर काढली. पहाटे रिक्षा केली. ज्या रस्त्याला एरवी तास लागतो तो वीस मिनिटांत सरला. हे स्मारक सूर्योदयालाच उघडते. फाटकाच्या आत काटेसावरीचे झाड फुलले होते. अण्णांना ते पाहून मकबऱ्याआधीच आनंद झाला. "ही इकडंही आहे म्हण की!" मग तांबड्या दगडावर कोवळे ऊन आले, आणि पांढरा घुमट हळूहळू उजळला. भोवती चार-दोन फिरायला येणारे आणि पोपट. बाकी कोणी नाही. हा मकबरा हुमायूनच्या विधवेने, हाजी बेगमने, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविला, हे आम्ही फलकावरून वाचून दाखविले. अण्णा पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बायकोनं नवऱ्यासाठी एवढं केलं. मी तुझ्या आईला काय दाखवलं? एकदा पंढरपूर, एकदा गाणगापूर." आम्ही गप्प राहिलो. वस्तुतः त्या हिशेबात आमचेही देणे होते आणि ते त्यांच्याहून मोठे होते.

दुसऱ्या रविवारी कुतुब. मेट्रोच्या स्थानकापासून मिनार बराच दूर आहे, तेवढ्यापुरती रिक्षा घेतली. साडेबहात्तर मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याकडे पाहताना अण्णांची टोपी पडली, हे सांगितले पाहिजे. तथापि त्यांना अधिक आवडला तो जवळच्या अंगणातला लोहस्तंभ. सोळाशे वर्षे उन्हापावसात उभा राहून तो गंजत नाही. "सरकारी नोकरासारखा आहे," अण्णा म्हणाले, "एका जागी उभा, आणि काही होत नाही." हा टोला आम्हांला होता की स्तंभाला शाबासकी होती, हे आम्ही विचारले नाही.

त्यानंतर मात्र लाल किल्ला. या वेळी आम्ही मेट्रोने गेलो. २०१७ साली सुरू झालेल्या लाल किल्ला स्थानकावर उतरले की समोर लाहोरी दरवाजा. सोमवारी किल्ला बंद असतो, तेवढे लक्षात ठेवावे. आत दिवाण-ए-खासपाशी अण्णा थांबले. वर आज रंगविलेले लाकडी छत आहे. पूर्वी तेथे चांदीचे होते. १७६० साली दिल्ली हाती आल्यावर सदाशिवरावभाऊंनी ते काढवून त्याची नाणी पाडली, कारण फौजेला द्यावयास पैसा उरला नव्हता. त्यानंतर काही महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. अण्णा त्या छताकडे मान वर करून पाहत राहिले.

"छत्तीस वर्षं मी हे एका वाक्यात शिकवलं," ते म्हणाले. "'भाऊंजवळचा पैसा संपला होता.' मुलं लिहून घ्यायची. मला काय ठाऊक, की ते वाक्य एवढं उंच होतं!"

आमचे काम वेतनबिलांचे आहे. महिन्याची अखेर जवळ येते आणि मंजुरी येत नाही, तेव्हा कचेरीतल्या माणसांचे चेहरे कसे होतात, हे आम्ही जवळून पाहतो. त्यामुळे ज्या माणसाला घरापासून इतक्या दूर, लाखाच्या घरातला लवाजमा बरोबर असताना पगार भागवावयाचा होता, त्याने वर पाहिले आणि त्याला चांदी दिसली, यात आम्हांला प्रथमच लूट दिसली नाही, अडचण दिसली. ती योग्य होती की नव्हती, याचा निकाल इतिहासकारांनी द्यावा. आम्ही अण्णांचा हात धरून त्यांना उतरण्यास मदत केली, एवढेच.

तेथून चांदणी चौक. इथे आमच्या सबबीचा पुरताच पराभव झाला. ज्या रस्त्याचे नाव काढले की दिल्लीकर कपाळाला हात लावी, त्या रस्त्यावर, लाल किल्ल्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंत, २०२१ सालच्या नूतनीकरणानंतर सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत मोटारींना मज्जाव आहे. गर्दी आहे, हातगाड्या आहेत, सायकलरिक्षा आहेत. परंतु ती माणसांची गर्दी. तिच्यात माणसाला माणसाचा चेहरा दिसतो. अण्णांनी एका दुकानी गरम जिलबी खाल्ली आणि मधुमेहाची आठवण आम्हांलाच करू दिली नाही.

शेवटची मोहीम अण्णांनी स्वतः सुचविली. "तालकटोरा दाखव." आम्ही म्हणालो, "तिथं पाहण्यासारखं एक उद्यान आहे, अण्णा. बाकी काही नाही." फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथील क्रीडागृहात भरले होते, तेव्हा आम्ही गेलो होतो, १९५४ साली लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत संमेलन झाले, त्यानंतर सत्तर वर्षांनी ते येथे परत आले होते. तरीही त्या जागेचा दुसरा संदर्भ आमच्या मनात आला नव्हता. अण्णांना तोच हवा होता. १७३७ साली थोरले बाजीराव दिल्लीवर आले तेव्हा त्यांचा तळ या भागात पडला होता.

उद्यानात सकाळचे व्यायाम चालले होते. अण्णा एका बाकावर बसले आणि काठीने मातीत रेघा काढू लागले. "इकडं आग्र्याच्या वाटेवर बादशाही फौजा. मोठमोठ्या. हत्ती, तोफा, बुणगे, रस्ता भरलेला. बाजीराव त्या रस्त्यानं गेलेच नाहीत. आडवाटेनं, फौजांना बाजूला टाकून, थेट दिल्लीच्या वेशीवर. बादशहाला कळलं तेव्हा हे इथं." त्यांनी काठी आपटली. "आणि फार थांबले नाहीत. काम झालं, निघाले."

आम्ही हसलो. रहदारी टाळून दिल्ली गाठणारा पहिला मराठी माणूस आम्हांला सापडला होता. आमचे चारही नियम त्यांना ठाऊक होते. अण्णा मात्र हसले नाहीत. मातीतल्या रेघा त्यांनी चपलेने पुसल्या आणि म्हणाले, "शाळेत फळ्यावर हा नकाशा काढायचो, तेव्हा तुझी आई डबा घेऊन दारात उभी राहायची. एकदा म्हणाली, हे तालकटोरा पोरगा दाखवील आपल्याला."

गोवा एक्स्प्रेसने अण्णा परत गेले. निजामुद्दीनच्या फलाटावर, गाडी सुटण्यापूर्वी, त्यांनी पिशवीतून एक वही काढली. तीत सगळी तिकिटे त्यांनी डिंकाने चिकटविली होती, आणि प्रत्येकाखाली तारीख घातली होती. वही मिटून ते सहज स्वरात म्हणाले, "सगळं पाहिलं. फक्त तुझी ती रहदारी काही मला फारशी दिसली नाही रे. एक तो शनिवार सोडला तर."

त्यांच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

आमच्या वसाहतीत, पाचव्या सेक्टरमध्ये, लोदी काळातला वजीरपूरचा घुमट आहे. जवळ एक बारवही आहे. क्वार्टरपासून पायी दहा मिनिटांची वाट. नऊ वर्षे दूध आणावयास आम्ही त्याच्या कडेने गेलो, आणि कधी आत पाऊल टाकले नाही. परवाच्या रविवारी पहाटे नेहमीप्रमाणे जाग आली; आता कोणाला कोठे न्यावयाचे नव्हते. दुधाची पिशवी घेऊन आम्ही त्या हिरवळीवर गेलो आणि घुमटाच्या पायथ्याशी थोडा वेळ बसलो. रस्ता रिकामा होता. तसा तो दर रविवारी पहाटे रिकामाच असतो.

परप्रांती नोकरी करणाऱ्या ज्या बांधवांचे आईवडील अद्याप गावी वाट पाहत आहेत, त्यांनी मोठ्या क्वार्टरची वाट पाहू नये. पहाटेचा गजर लावावा. तिकिटे काढावीत.