पौषातील वंदना आणि पायांतले जोडे

मार्गशीर्ष सरत आला की अमरावती-अकोल्याच्या व्यापारी घरांत यात्रेचा बेत ठरू लागतो. परतवाड्यावरून मुक्तागिरीची वंदना, मग घाट चढून चिखलदरा आणि तेथून गाविलगड. स्वेटर-शालींची चर्चा आठवडाभर चालते; जोड्यांची आठवण मात्र निघण्याच्या आदल्या संध्याकाळी होते. खरेदीला संध्याकाळ चांगलीच, कारण दिवसभराच्या वावराने पाय किंचित फुगलेला असतो आणि डोंगरातही तो तसाच फुगतो. पण नवे जोडे घालून थेट डोंगर चढणे म्हणजे फोडांना निमंत्रण. ते पंधरा दिवस आधी घ्यावेत आणि रोज दुकानात घालून वावरावे.

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. पहाटेच्या दवावर सपाट तळाचा जोडा घसरतो. गाविलगडाच्या वाटेवर काळा खडक आणि सुटे दगड असतात. पाय मुरगळतो तो बहुधा उतरताना. म्हणून खोल खाचांचा रबरी तळ, टाच घट्ट धरणारी नाडी आणि बोटांपुढे थोडी मोकळी जागा हवी. बर्फासाठी केलेले जड बूट वऱ्हाडात निव्वळ ओझे होत.

जैन घरात याहून मोठा प्रश्न चामड्याचा. डोंगरासाठीच्या महागड्या बुटांत ते पुष्कळदा असते. ‘स्यूड’ आणि ‘नुबक’ ही नावे ऐकून अनेकांना कापड वाटते; दोन्ही चामडेच. परदेशी बनावटीच्या बऱ्याच जोड्यांवर चिन्हे छापलेली असतात: पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, जाळी म्हणजे कापड, शंकरपाळ्यासारखा कोरा आकार म्हणजे अन्य पदार्थ. वरचा भाग, अस्तर आणि तळ यांची चिन्हे वेगवेगळी असतात, तिन्ही पाहावीत. हुंडी वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या घराण्यांना एवढे वाचन जड जाऊ नये.

मुक्तागिरी मध्य प्रदेशाच्या हद्दीत असले तरी वऱ्हाडाला ते आपलेच. तेथील ५२ मंदिरांच्या वंदनेस अनेक जण अनवाणी चढतात. पौषातील पहाटे दगडी पायऱ्या अतिशय गार असतात. वृद्धांचे तळवे बधिर झाले की पायरीची कड कळत नाही. त्यांनी ऊन पायऱ्यांवर येईपर्यंत थांबावे. मोजे घालून चढू नये; गुळगुळीत दगडावर ते घसरतात. खाली उतरल्यावर मात्र कोरडे मोजे पिशवीत तयार असावेत, कारण चिखलदऱ्याचा घाट अजून पुढे असतो.