पुढें चालू

गोष्टीच्या शेवटीं कंसांत 'पुढें चालू' असे दोन शब्द छापणें वरवर पाहतां अगदीं सोपें आहे. जुळाऱ्याला त्यासाठीं मूठभर खिळे लागतात, आणि प्रकाशकाला तर तितकेहि श्रम पडत नाहींत. परंतु हे दोन शब्द म्हणजे वाचकाच्या नांवें लिहून दिलेली हुंडी होय आणि ती मुदतीस वटलीच पाहिजे, हें कळावयास आम्हांस एकदां तोंड पोळून घ्यावें लागलें. ती हकीकत आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

गोष्ट क्रमाक्रमानें छापण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. हरिभाऊ आपटे यांनीं १८९० सालीं 'करमणूक' पत्र काढलें, आणि 'पण लक्षांत कोण घेतो!' ही यमूची कहाणी त्या साप्ताहिकांतून थोडी थोडी करून घरोघर पोंचली. पुस्तकरूप तिला मागाहून आलें. पुढें १८९५ सालीं काशीनाथ रघुनाथ मित्र यांचें 'मनोरंजन' निघालें. अशा नियतकालिकांनीं मराठी घरांना वाट पाहून वाचण्याची संवय लावली. आमच्या घरच्या फडताळांतहि जुन्या मासिकांचे बांधलेले खंड असत. त्यांतला एक खंड कोणीसा वाचावयास नेला तो परत आलाच नाहीं, आणि त्याबरोबर एका गोष्टीचा शेवट गेला. लहानपणीं त्या न पाहिलेल्या माणसावर आम्हीं मनांतल्या मनांत पुष्कळ दांतओठ खाल्ले. पुढें आपणच त्याच्या पंक्तीस बसणार आहों, हें तेव्हां ठाऊक नव्हतें.

आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत मात्र पाठशाळेंत घोकून झालेलें. १९८७ सालीं आम्ही एका तालुक्याच्या गांवीं शाळामास्तर होतों. तेथील दवाखान्यांत परिचारिकेचें काम करणाऱ्या एका बाईंनीं स्वतः लिहिलेली एक गोष्ट आम्हांस वाचावयास दिली. दोघां भावांची सामाईक विहीर. धाकटा मुंबईस गिरणींत. १९८२ च्या संपानंतर त्याचा ठावठिकाणा नाहीं. आणि थोरला ती विहीर एकट्याच्या नांवें करून घेण्याच्या विचारांत. भाषा साधी, पण एकहि शब्द उगीच आलेला नव्हता. आम्हीं ती तीन ठिकाणीं पाठविली. तिन्हीकडून उत्तर एकच आलें : पुस्तकाला लहान आणि मासिकाला मोठी. तेव्हां आम्ही व आमचे एक स्नेही, शाळेंतले चित्रकलेचे शिक्षक, अशा दोघांनीं ठरविलें कीं, आपणच ती सहा पुस्तिकांत, दरमहा एक याप्रमाणें, छापावी. प्रत्येक पुस्तिका सोळा पानांची आणि सहांची वर्गणी टपालखर्चासह ९ रुपये. सहकारी, नातलग व माजी विद्यार्थी यांचा पिच्छा पुरवून २११ नांवें वहींत चढविलीं.

छापखाना म्हणजे बाजारपेठेंतली एक काळोखी खोली, पायानें चालविण्याचें एक ट्रेडल यंत्र, आणि मालक तोच जुळारी. देवनागरीला खिळे शेंकडों प्रकारचे लागतात. काना, वेलांटी, जोडाक्षरें यांचीं घरें निरनिराळीं. त्याच्याजवळ बारीक खिळ्यांचा साठा इतका थोडा कीं, एका वेळीं चारच पानें जुळत. तीं तपासावीं, छापावीं, मग खिळे सोडवून पुनः आपापल्या घरांत टाकावे, तेव्हां कोठें पुढच्या चार पानांस हात घालतां येई. 'त्त' कमी पडला म्हणून आम्हीं एकदां 'चित्त' काढून 'मन' घातलें. लेखिकाबाई हंसून म्हणाल्या, "विहिरीवरच्या माणसाला मनच बरें." रात्रीं शाईच्या वासांत बसून प्रुफें तपासण्यांत जो आनंद आम्हांस मिळाला, तसा पुढें पेन्शनीच्या पहिल्या हप्त्यानेंहि दिला नाहीं.

चार भाग वेळेवर निघाले. चौथ्याच्या शेवटीं मध्यरात्रीं थोरल्या भावाच्या दाराची कडी वाजते, आणि खालीं 'पुढें चालू'.

पुढें कांहींच चाललें नाहीं. आम्हीं खर्चाचा आडाखा व्याकरणासारखा बांधला होता, पण अपवाद धरावयाचे विसरलों होतों. वहींत नांव असलेल्यांपैकीं साठांवर मंडळींनीं 'देतों, देतों' म्हणत वर्गणी दिलीच नाहीं. कागदाचा भाव चढला. कित्येक प्रती छापतांना वायां गेल्या. दरम्यान आमच्या स्नेह्यांची बदली झाली. पैसे संपले. आम्हीं छापखान्याकडे जाणें सोडलें, आणि लेखिकाबाई समोरून दिसल्या कीं, गल्ली बदलूं लागलों. त्यांनीं एका शब्दानेंहि विचारलें नाहीं. त्या न विचारण्याचा भार विचारण्याहून अधिक होता.

एक दिवस पोस्टकार्ड आलें. आठ कोसांवरच्या एका खेड्यांतून एका वृद्ध वर्गणीदारांनीं लिहविलें होतें : आमची दृष्टि गेली आहे, घरांत वाचून दाखवितात, दारावर कोण आलें तेवढें कळवावें, अंक सवडीनें पाठविला तरी चालेल. आम्हीं तें कार्ड पंचांगांत घालून ठेवलें. उत्तर पाठविलें नाहीं. काय लिहावें हें सुचलें नाहीं म्हणून नव्हे. एका ओळीचें उत्तर लिहावयाची लाज वाटली म्हणून.

त्याच सुमारास आम्ही एका विद्यार्थ्यास बाणभट्टाची कादंबरी शिकवीत होतों. बाण ती अपुरी ठेवून गेला, आणि त्याच्या पुत्रानें उत्तरभाग लिहून ती पुरी केली, हें सर्वांस ठाऊक आहे. पुत्र आरंभींच सांगतो कीं, हें आपण कवित्वाच्या अभिमानानें करीत नसून कथा तुटल्यामुळें सज्जनांस झालेलें दुःख पाहून करीत आहों. हा श्लोक आम्हीं त्यापूर्वीं अनेकदां शिकविला होता. त्या दिवशीं मात्र अर्थ सांगतां सांगतां जीभ अडखळली. बाणाच्या हातून लेखणी मृत्यूनें काढून घेतली होती. आमच्या लेखिकाबाई हयात, हस्तलिखित आमच्याच पेटींत, आणि कथा तोडणारे आम्ही!

संध्याकाळीं छापखान्यांत गेलों. जुळाऱ्यानें कांहीं न बोलतां फळीवरचा कागद बाजूला केला. पांचव्या भागाचीं पहिलीं चार पानें जुळवून, दोऱ्यानें आवळून ठेवलेलीं होतीं. पांच महिने तीं तशींच होतीं. लग्नपत्रिकांचे मोठे खिळे वेगळे, म्हणून त्याचें दुकान कसेंबसें चाललें. पण बारीक खिळे या पानांत अडकल्यामुळें पतपेढीचा अहवाल आणि दोन पावतीपुस्तकें त्यानें परत पाठविलीं होतीं.

"खिळे सोडून कां नाहीं टाकलेत?" आम्हीं विचारलें.

"मास्तर, कडी वाजवून ठेवलीय आपण. दार उघडायला नको?" तो म्हणाला.

घरीं येऊन ही हकीकत सांगितली. आमच्या कुटुंबानें डब्यांतून शिवणयंत्रासाठीं सांठविलेले पैसे काढून पुढें ठेवले आणि म्हटलें, "मलाहि कळायला हवं आहे कोण आलं तें." पांचवा व सहावा भाग एकत्र करून, अगदीं हलक्या कागदावर, आम्हीं छापला. ज्यांनीं वर्गणी बुडविली होती त्यांसहि पाठविला. हुंडी लिहून देतांना आम्हीं त्यांस वगळलें नव्हतें.

आठवड्यानें एक पाकीट परत आलें. त्यावर पोस्टमननें लिहिलें होतें : मालक मयत.

पुढच्या रविवारीं तें पाकीट घेऊन आम्ही एस.टी.नें त्या खेड्यांत गेलों. सुनेनें ओसरीवर सतरंजी घातली, पाणी दिलें. मामंजी दोन महिन्यांपूर्वीं गेले, असें तिनें सांगितलें. आम्ही क्षमा मागण्यासाठीं वाक्य जुळवीत होतों, तों तिचें लक्ष आमच्या हातांतील पाकिटाकडे गेलें. "गुरुजी, शेवटचा आला का?" तिनें विचारलें, आणि पाकीट घेऊन तेथेंच खांबाला टेकून उभ्या उभ्या वाचूं लागली. चुलीवरचें दूध उतूं गेल्याचा वास आला, तरी तिनें मान वर केली नाहीं. घरांत वाचून दाखविणारी ती हीच. आमच्या वहींत तिचें नांव नव्हतें. आम्ही मृताचे ऋणी म्हणून गेलों होतों. जिवंत धनको समोर उभी होती आणि आम्हीं तिला कधीं मोजलेंच नव्हतें.

तो छापखाना १९९६ सालीं बंद झाला. खिळे शिशाच्या भावानें वजनावर गेले. आज संगणकामुळें जुळणीचे कष्ट उरले नाहींत, आणि पन्नास प्रतीहि छापून मिळतात. अशा सोयीनें उत्साहित होऊन कोणी तरुण दरमहा गोष्टींच्या पुस्तिका काढण्याचा विचार बोलून दाखवितात, तेव्हां आम्हांस आनंदच होतो. मोठ्यांनीं नाकारलेली चांगली गोष्ट लहानांनीं छापावी, हें योग्यच आहे. त्यांस आमचें सांगणें इतकेंच : पहिला भाग छापण्यापूर्वीं शेवटच्या भागाचें हस्तलिखित हातीं असूं द्या, त्याच्या कागदाचे पैसे निराळे बांधून ठेवा, आणि आलेली वर्गणीच तेवढी जमा धरा. वहींतल्या नांवांवरून वाचक मोजूं नका. एका नांवामागें किती जण कान देऊन बसले आहेत, हें प्रकाशकाला कधींच कळत नाहीं.

दारावर कोण आलें होतें, हें येथें सांगितलें नाहीं, याबद्दल वाचक रागावतील. ती पुस्तिका आमच्यापाशीं आहे. जो मागेल त्यास ती वाचावयास देऊं. मात्र परत आणून द्यावी.