घरातली कचेरी

नोकरीचा राजीनामा देणारा मनुष्य आपण वेतन सोडीत आहोत एवढे जाणून असतो, आणि त्याचा जमाखर्च त्याने पुष्कळदा मांडूनही पाहिलेला असतो. परंतु वेतनाबरोबरच दुसऱ्याच्या खर्चाने मांडलेले टेबल, दुसऱ्याच्या खर्चाने जळणारी वीज, यंत्र बिघडल्यास दुरुस्तीला माणूस बोलावण्याचा हक्क, आणि सकाळी दहापासून सायंकाळी सहापर्यंत आपणांस कोणी भाजी निवडावयास बसविणार नाही ही हमी, या साऱ्यांवरही आपण त्याच अर्जाने पाणी सोडीत आहोत, हे त्याच्या ध्यानी सहसा उशिराच येते. पुण्यातील एका जाहिरात-संस्थेतील चाकरी सोडून पुस्तकांची मुखपृष्ठे, नियतकालिकांची मांडणी आणि माहितीपत्रकांसारखी किरकोळ कामे स्वतंत्रपणे करावयाची असे मी ठरविले, तेव्हा सर्वांआधी यंत्राचाच प्रश्न दत्त म्हणून पुढे उभा राहिला: ऐंशी हजारांच्या तरतुदीत डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप?

या प्रश्नावर आमच्या घरात एकमत होते आणि ते लॅपटॉपच्या बाजूचे होते. अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तर, "मावशी, डेस्कटॉप आता कोण घेतं? लॅपटॉप घे, कुठेही बसून काम करशील," असे म्हणून विषय निकालातच काढला. त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्यामुळे वीज गेली तरी हातातले काम बुडत नाही. साठ-पासष्ट वॅटच्या चार्जरवर त्याचे भागते. ग्राहकाच्या कचेरीत नेऊन त्याच्या डोळ्यांदेखत दुरुस्त्या करून देता येतात. आणि दोन खोल्यांच्या घरात, काम संपले की तो कपाटात ठेवून जागा मोकळी करता येते. हा शेवटचा गुण घरच्यांना सर्वाधिक पसंत होता, आणि माझ्या मनात पहिली शंका आली तीही नेमकी त्याच गुणाने.

कुठेही बसून काम करण्याच्या या सोयीची शहानिशा करावी म्हणून, आजवरच्या माझ्या कामांत कोणता निर्णय कोठे झाला होता, हे मी आठवून पाहिले. लेखक मुखपृष्ठाचा नमुना आपल्या फोनवर पाहून मत कळवितात. प्रकाशकास रंगीत छाप हवी असते, ती एखाद्या जुन्या पुस्तकाला गुंडाळून तो हात लांब करून न्याहाळतो. आणि छापखान्यास तर केवळ फाइलीशी कर्तव्य असते. नारायण पेठेतील एका छापखान्याच्या मालकांना मी याविषयी विचारले, तेव्हा ते चष्मा न काढताच म्हणाले, "ताई, मशीन इथं आणून काय करणार? पीडीएफ आणा, आणि फॉन्ट तेवढे कर्व्ह करून आणा." मजसारखीच्या व्यवसायात फिरते ते काम, करणारीने एका जागी स्थिर बसलेलेच बरे, हे त्या दिवशी पुरते उमगले.

मग मी मोजपट्टी घेऊन बसले. आपल्याकडील कादंबऱ्या आणि कथासंग्रह बहुधा डेमी आकारात निघतात. त्यांचे पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. मलपृष्ठ, अर्ध्या इंचाचा कणा आणि मुखपृष्ठ सलग मांडले की साडेअकरा इंचांची रुंदी होते. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा रुंदीला साडेतेरा इंच भरला तरी उंचीला पावणेआठ इंचांच्या आतच राहतो, म्हणजे मुखपृष्ठ मूळ आकारात पाहू गेल्यास वरचे शीर्षक तरी दृष्टीआड होते किंवा खालचे लेखकाचे नाव तरी. १६:१० प्रमाणाच्या २४ इंची मॉनिटरवर तेच सबंध मावते, शेजारी रंगांच्या आणि अक्षरांच्या पट्ट्यांना जागा उरते, आणि ए-फोर मासिकाची समोरासमोरची दोन पाने खऱ्या मापात उघडी ठेवता येतात. देवनागरी अक्षर लहान करून पाहिले की निर्दोष दिसते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडला आहे, हे मूळ आकारातच कळते.

रंगांची कथाही अशीच. माझ्या तरतुदीत बसणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांच्या माहितीपत्रकांत पडद्याची रंगक्षमता ४५ टक्के एनटीएससी अशी नोंदलेली आढळली. एसआरजीबी हा नित्याचा रंगपट पुरा दाखविण्यास त्याच मापाने सुमारे ७२ टक्के लागतात. अशा पडद्यावर शेंदरी रंग विटकरी दिसू लागतो, तो उजळावा म्हणून चित्रकार मॅजेंटा आणि पिवळ्याचे प्रमाण वाढवितो, आणि छापून आलेले मुखपृष्ठ डोळ्यांत खुपते. डेस्कटॉपच्या पक्षी मॉनिटरची निवड स्वतंत्र असते. त्यावर अधिक पैसा घालून पेटी साधी घेता येते, आणि पेटी कालबाह्य झाली तरी मॉनिटर मागे राहतो. मेमरी वाढविण्यास आत रिकामे स्लॉट असतात, तर पुष्कळ पातळ लॅपटॉपांत ती बोर्डालाच डाखलेली असते. शिवाय जड काम तासन् तास चालले की पातळ यंत्राचा प्रोसेसर उष्णतेपोटी आपली गती आपणच उतरवून घेतो.

तथापि माझा कौल फिरविला तो घराने. घरी बसून काम करणाऱ्या स्त्रीचे काम घराला दिसत नाही. आणि जे यंत्र जेवणाच्या टेबलावर उघडते व पाहुणे आले की मिटते, त्याच्यामागे बसलेल्या बाईचा अंमल त्या झाकणाएवढाच टिकतो. खिडकीलगतच्या कोपऱ्यात चार फुटांचे टेबल, त्यावर मॉनिटर आणि खाली पेटी अशी मांडणी झाल्यावर काही आठवड्यांतच सासूबाई नणंदेला फोनवर सांगू लागल्या, "ती टेबलावर बसली आहे गं, सातनंतर कर." माझ्या स्वतंत्र व्यवसायास मिळालेली ती पहिली सनद होय. आणि हा अंमल दोन्ही बाजूंनी चालतो: टेबलावरून उठल्यावर काम माझ्यामागून अंथरुणापर्यंत येत नाही.

या निवडीची किंमत मी भरते आहे. पुण्यात गुरुवार हा विजेच्या देखभालीचा वार; ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे धीर देतो, तेवढ्यात फाइल जतन करून मी प्रुफे वाचावयास घेते. दिवसभराच्या कामाला लॅपटॉपहून पाऊण युनिट वीज अधिक जळते. एकदा साताऱ्याला बहिणीकडे कार्यासाठी गेले असता प्रकाशकाने रात्रीच दुरुस्ती मागितली, आणि मला मिळेल त्या एसटीने परतावे लागले. हे जाच खरे आहेत, परंतु ते प्रासंगिक आहेत. पडद्याची उंची आणि कोपऱ्याचा अंमल यांचा लाभ रोजचा आहे.

म्हणून या वाटेवर येणाऱ्यांना माझे सांगणे असे की, ज्याचे काम फोनच्या पडद्यावरच संपते, ज्याला ग्राहकाशेजारी बसून ते पुरे करावे लागते, किंवा ज्याचे बिऱ्हाडच दर वर्षी हलते, त्याने खुशाल लॅपटॉप घ्यावा आणि ऐपत येताच त्याला घरी एक मोठा मॉनिटर जोडावा. ज्याचे काम कागदावर संपते, त्याने डेस्कटॉप घ्यावा. पैशांची वाटणी करताना आधी मॉनिटर, मग खुर्ची आणि त्यानंतर प्रोसेसर असा क्रम ठेवावा. आणि ते टेबल कोणी हलविणार नाही असा कोपरा घरात नसेल, तर यंत्राची चौकशी करण्यापूर्वी घरच्यांकडून तो कोपरा मागून घ्यावा.