९२ वा दिवस

पिंपळे गुरव,
रविवार, रात्री

चि. सोनूस,


काल तुझा फोन ठेवला आणि डोळ्याला डोळा लागला नाही. "मामा, ऑपरेशनला दहा आठवडे झाले, आता काही म्हणता काही दुखत नाही, पुढच्या महिन्यात मॅटवर उतरते," हे तू इतक्या आनंदात सांगितलंस की मला हो म्हणवेना आणि नको म्हणायला जीभ रेटेना. म्हणून लिहायला बसलो.

दुखायचं थांबलं म्हणजे जुळलं, असं नसतं गं. डॉक्टरांनी तुझ्या मांडीच्या मागची शीर काढून गुडघ्यातल्या तुटलेल्या एसीएल या लिगामेंटच्या जागी ओवली आहे. जागेवरून उचलल्यावर त्या शिरेचा रक्तपुरवठा तुटतो. मग शरीर तिच्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या घालतं, जुना धागा काढून नवा विणतं. हे विणकाम चालू असताना, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, ती सगळ्यात कच्ची असते, ऑपरेशनच्या दिवशी होती त्याहूनही कच्ची. आणि नेमकी तेव्हाच सूज ओसरलेली असते, टाक्यांचा विसर पडलेला असतो, जिना चढता येतो. तू आज त्याच आठवड्यांत आहेस.

माझं काय झालं ते तुला कुणी धड सांगितलेलं नाही. तू तेव्हा लहान होतीस. मंडळाच्या कबड्डीच्या सामन्यात चढाईला गेलो, कोपरारक्षकाला बगल देताना पाय मातीत रुतून राहिला आणि अंग वळलं. आतून कट्‌ असा आवाज आला, तो अजून कानात आहे. ऑपरेशन झालं. तेव्हा मी चाकणला कारखान्यात लाइनवर होतो. कामगार विम्याचा, म्हणजे ईएसआयचा, आजारपणाचा लाभ मिळतो तो वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, तोही पगाराच्या ७० टक्क्यांच्या आसपास. कामावर अपघात झाला असता तर ९० टक्के मिळाले असते, आणि डॉक्टर फिट म्हणेपर्यंत मिळाले असते. पण मी खेळताना पडलो होतो. ९१ दिवस म्हणजे तेरा आठवडे. घराचा हप्ता थांबत नव्हता. ९२ व्या दिवशी पहाटे काळोखात कंपनीच्या बसमध्ये चढलो.

आठ तास उभं राहायचं काम. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा व्हायचा, रात्री बर्फ लावायचा, सकाळी पुन्हा बस. तिसऱ्या आठवड्यात बसच्या शेवटच्या पायरीवरून उतरताना गुडघा सटकला. नवी शीर गेली, सोबत आतली गादीही फाटली. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा पहिल्यापासून सगळं. आपल्या या पट्ट्यात पहाटे बसची वाट बघत उभी असलेली पोरं दिसली की मी आजही त्यांचे पाय बघतो. कायद्यातल्या ९१ दिवसांचा आणि शिरेच्या विणकामाचा मेळ बसत नाही, ही गोष्ट मला फार लागते. तुला तर कुणाचं हजेरीपत्रक बोलवत नाही. मग तू कशाला धावतेस?

तू स्मृती मानधनाचं उदाहरण दिलंस. तुमच्या सांगलीची, म्हणून तुला ती जवळची, आणि ते बरोबरच आहे. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनकडून खेळताना तिचं एसीएल गेलं. जूनमध्ये ती विश्वचषकाला उभी होती, इंग्लंडविरुद्ध ९० आणि पाच दिवसांनी वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. मीही ते सामने टाळ्या वाजवत पाहिले होते. पण तिचा दिवसच्या दिवस फिजिओच्या नजरेखाली जात होता. शिवाय फलंदाजी वेगळी आणि चार जणी अंगावर आल्यावर एका पायावर गर्रकन वळून मध्यरेषेकडे झेपावणं वेगळं. तू ऋषभ पंतचंही बघ. ३० डिसेंबर २०२२ ला अपघात, जानेवारीत मुंबईत लिगामेंटचं ऑपरेशन आणि मैदानात पुन्हा पाऊल २३ मार्च २०२४ ला. त्याची दुखापत तुझ्याहून फार मोठी होती, हे खरं. पण सगळ्या सोयी दाराशी असून त्यानं जवळजवळ पंधरा महिने दिले. वळणाच्या, उड्यांच्या खेळात नऊ महिन्यांच्या आत उतरू नका, असं फिजिओ सांगतात ते उगाच नाही.

आता कामाचं. पाय किती वाकतो हे तू मला दोनदा सांगितलंस, सरळ किती होतो हे एकदाही नाही. आधी सरळ व्हायला हवा. तो थोडा जरी वाकडा राहिला तरी चाल लंगडी होते आणि मांडीचा पुढचा स्नायू जागाच होत नाही. माझ्या दुसऱ्या ऑपरेशननंतर मी टाचेखाली टॉवेलची घडी ठेवून झोपायचो आणि गुडघा खाली दाबायचो. रोज रात्री भांडी आवरली की तुझी मामी ओले हात पदराला पुसत यायची, टॉवेल काढायची आणि माझ्या गुडघ्याखाली बोटं सरकवून बघायची. पहिल्या रात्री दोन बोटं सहज गेली. किती तरी दिवस दोनच. मग एक, तेही अडकत. एका रात्री तिचं नखसुद्धा आत जाईना. ती काही बोलली नाही, तिथंच माझ्या पायाशी बसली आणि रडली. आईला असंच बोट घालून बघायला सांग आणि मला खरं कळव. गुडघ्याखाली उशी मात्र घेऊ नकोस. बरं वाटतं, पण पाय वाकलेलाच राहतो.

माझ्या मनात एक आहे. दोन महिने इकडेच ये. आपलं घर तळमजल्यावर आहे, फिजिओ चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. सकाळी डायनासोर गार्डनमध्ये मी फिरायला जातोच, माझ्या सोबत चाल. तिथल्या पायऱ्यांवर तुला एका पायावर सावकाश उतरायला शिकवीन. मला तेच सगळ्यात उशिरा जमलं. उडी आणि वळण फिजिओ सांगेल तेव्हाच. दोन्ही मांड्यांचं माप आपण टेपनं दर पंधरवड्याला घेऊ आणि भिंतीवर लिहू. तुझ्या मामीनं खोली आवरायला घेतलीसुद्धा.

येताना एमआरआय आणि डिस्चार्जचे कागद आण, ब्रेसही बॅगेत न टाकता पायातच असू दे. एसटीत पुढची, पाय लांब करता येईल अशी जागा धर. गाडी थांबेल तिथे उतरून चार पावलं चाल, बसल्या बसल्या घोटे हलवत राहा. स्वारगेटला पायरीपाशीच थांब, घाईनं उतरू नकोस. मी दाराशी हात द्यायला उभा असेन.

तुझा,
मामा