म्हातारचळ नव्हे, आजार

जुन्नर-आंबेगावात म्हातारं माणूस नावं, वाटा, जेवल्याचं विसरू लागलं की आपण ‘म्हातारचळ लागला’ म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, या एका शब्दाने उपचाराची वाटच बंद होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठीपुढच्या शंभरांतल्या सात जणांहून अधिकांना स्मृतिभ्रंश आहे आणि खेड्यांत हे प्रमाण शहरांपेक्षा जास्त आहे. उरलेल्या बहुतेकांना तो होत नाही. म्हणजे तो म्हातारपणाचा अटळ भाग नाही, मेंदूचा आजार आहे. शिवाय थायरॉइडचा दोष किंवा बी-१२ ची कमतरता असेल, तर विसरणं उपचाराने कमीही होऊ शकतं.

कुणी म्हणेल, घरचं माणूस घरानेच सांभाळावं, हीच आपली रीत. रीत खरी; पण ‘घर’ म्हणजे बहुतेकदा एकटी सून किंवा लेक, आणि तिला कांद्या-टोमॅटोचं रानही बघायचं असतं. त्यात इथल्या उसात बिबट्या असतो. भान हरपलेलं माणूस तिन्हीसांजेला शिवारात भरकटलं, तर एका घराचे डोळे पुरत नाहीत. म्हणून शेजाऱ्यांना आजार माहीत असावा, आशाताईंनी लक्षणं लवकर हेरावीत, भावकीने आळीपाळीने सोबत बसावं. लग्नकार्याला धावणाऱ्या भावकीला हे जड नाही. यात रीत मोडत नाही, उलट टिकते.