मनगटावरचे दोन वेढे

चित्रकथेतील नव्या पात्राची पूर्वकथा, म्हणजे पहिल्या चौकटीच्या आधीचे त्याचे न दाखवलेले आयुष्य, लिहून काढणे फारसे अवघड नसते. त्या आयुष्यातले काय अंगावर उरेल आणि काय पुसले जाईल हे ठरवताना मात्र चित्रकाराची कसोटी लागते. हात स्थिर असतो तोवर हा निर्णय टाळता येतो, कारण दहा तपशील काढावेत आणि त्यांतले दोन तरी वाचकाच्या नजरेत भरतील अशी आशा धरावी, एवढी चैन परवडते. साठी उलटल्यावर बोटांना कंप सुटतो, बारीक निबाची रेघ मध्येच जाड होते आणि एका पात्राच्या वाट्याला एक-दोनच तपशील येतात. प्रस्तुत लेखकाचे काम अलीकडे याच मर्यादेत चालते.

बेल्जियन चित्रकार एर्जे यांचा चित्रकथानायक टिनटिन १९२९ मध्ये अवतरला तेव्हा त्याचे केस कपाळावर खाली बसलेले होते. पहिल्याच कथेत उघड्या मोटारीच्या वेगाने ते वर उडाले आणि पुढे जन्मभर तसेच उभे राहिले. आज तो तुरा ओळखणाऱ्या बहुतेकांना ती मोटार ठाऊक नसते आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही.

मुलांच्या चित्रकथेसाठी घडवलेल्या अण्णा नावाच्या निवृत्त एसटी कंडक्टरच्या बाबतीत हीच वाट धरली गेली. खाकी गणवेश, तिकिटांची पेटी आणि पंच ही सामग्री आरंभीच बाजूला ठेवण्यात आली, कारण तिच्यावरून नोकरी कळते, स्वभाव कळत नाही. पूर्वकथेनुसार अण्णांनी बरीच वर्षे मुक्कामी गाडी केली होती, म्हणजे रात्री शेवटच्या गावी थांबून पहाटे परत निघणारी एसटी. दिवसाची रोकड चामडी पिशवीत, पिशवी उशाशी आणि कुणी ओढलीच तर जाग यावी म्हणून तिचा पट्टा डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलेला. निवृत्तीबरोबर रोकड गेली तरी सवय गेली नाही, त्यामुळे मेथीची जुडी आणायला निघालेले अण्णा भाजीच्या पिशवीचे बंदही तसेच गुंडाळतात, आणि कट्ट्यापाशी कुणाशी बोलत थांबले तरी धावत्या गाडीत तोल सांभाळावा तसे पाय फाकवून उभे राहतात.

पाय फाकवण्याचा तपशील सोपा ठरला, कारण तो छायाकृतीत टिकतो. छायाकृती म्हणजे आतल्या सगळ्या रेघा काळ्या रंगात बुडवल्यावर उरणारा बाह्याकार. वेढे मात्र बाह्याकाराच्या आत पडतात, लहान चौकटीत ते पट्टीसारखे किंवा घड्याळासारखे दिसतात, मोठे काढले तर चित्रातले बाकी सारे सोडून तेच बोलू लागतात, आणि संवादातून त्यांचा खुलासा केला तर त्यांच्यात काही उरत नाही. घड्याळाशी होणारा घोळ टाळण्यासाठी घड्याळ उजव्या हातात गेले, आणि डावा हात रोज पिशवीत अडकत असल्याने ते पूर्वकथेशी जुळलेही. पण मग अण्णा डावखुरे वाटू लागले, म्हणून ते उजव्या हाताने सही करतानाची चौकट घालावी लागली, जिची कथेला काडीमात्र गरज नव्हती.

हाताखाली शिकणाऱ्या एका मुलीने याच संदर्भात विचारले की, वेढ्यांचे कारण कधीच सांगायचे नसेल तर ते विचाराने काढले आहेत की सहज पडले आहेत हे वाचकाला कळणार कसे. सातत्यामुळे कळेल, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे, कारण व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या १९५१ पासूनच्या ‘कॉमन मॅन’मध्येही सातत्य आहे, पण त्याला नाव नाही, तोंडी वाक्य नाही आणि पूर्वकथाही नाही. लक्ष्मण आधी वेगवेगळ्या प्रांतांची माणसे गर्दीत काढत. रोजच्या मुदतीच्या रेट्यात ती एकेक गळत गेली आणि चौकड्यांचा कोट व धोतर घातलेला एक गृहस्थ शिल्लक राहिला. पूर्वकथेचा आग्रह धरणाऱ्या कोणाही चित्रकाराला हे उदाहरण अडचणीचे आहे, आणि त्याला समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकाकडे नाही.

त्या मानाने सध्याच्या प्रघाताला उत्तर देणे सोपे आहे. पात्राचा आवडता रंग, भीती, रास आणि रक्तगट विचारणाऱ्या छापील प्रश्नावल्या भरायच्या आणि मग एक डोळा निळा, भुवईवर व्रण, एकाच कानात डूल असे जपानी चित्रपटांतून उचललेले अलंकार चढवायचे, यालाच आता पात्रनिर्मिती म्हटले जाते. व्रण कशाचा आहे हे पानभर लिहिलेले असते, पण त्या व्रणामुळे माणूस आरशात बघताना मान कुठे वळवतो हे कुणी काढत नाही. हे मत कडवट आहे आणि त्यात तरुण स्पर्धकांना मिळणाऱ्या कामाचा मत्सर मिसळलेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्याहून मोठा दोष अहंकाराचा आहे. तपशील न सांगता कळावा, असे शिष्यांना बजावणाऱ्या या चित्रकाराला तो कळल्याची पोच मात्र हवी असते, आणि कुणा वाचकाने वेढ्यांविषयी आपणहून विचारावे म्हणून तो पट्टा गरजेपेक्षा किंचित जाड काढला जातो. बघणारे हा जाडपणा कापऱ्या हाताच्या खात्यावर टाकतात, आणि त्यांचा हा गैरसमज दूर करण्याची प्रस्तुत लेखकाला अद्याप इच्छा झालेली नाही.